मैनेने न शिवलेला भात

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतोय म्हणजे काय, तर खाली प्रतिसादांत टिंगल करायला यायचो. 'आदल्या रात्री काय घेतली होती?', 'आधी चष्म्याचा नंबर तपासा' असले जे प्रतिसाद असतात ना, त्यांतले बरेचसे माझे आहेत. ज्यांना ते लागले असतील त्यांची माफी मागतो. आज मीच त्या बाजूला उभा आहे, तेव्हा तुम्हाला काय लिहायचं ते खुशाल लिहा.

माझा असल्या कशावर विश्वास नव्हता, हे पटवून द्यायला माझा कामधंदाच पुरे. मी कतारला मेसईदमधल्या एका खताच्या कारखान्यात रिलायबिलिटी इंजिनियर आहे. पंप बंद पडला की तो का पडला हे शोधायचं. बेअरिंग गेलं, सील गेलं, नाहीतर ऑपरेटर झोपला... काहीतरी कारण सापडतंच. 'आपोआप झालं' असं लिहिलेल्या रिपोर्टवर मी आजवर सही केलेली नाही. मूळचा नाशिकचा, कतारमध्ये अकरा वर्षं झाली, राहायला दोहात, अल नस्रमध्ये. घरात मी, बायको प्राजक्ता आणि मुलगी ओवी. ओवी सहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बाबा गेले. आमच्याकडे तेव्हा प्लांटचं शटडाऊन चालू होतं. रजा मिळत नाही असं मी घरी कळवलं. इथे नाव लपवून लिहितोय तर खरंही लिहितो — मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर साहेबाने त्याच दिवशी विमानात बसवलं असतं. पण त्या शटडाऊनचा लीड मी होतो, प्रमोशन अडलेलं होतं, आणि बाबा तर गेलेच होते, आता जाऊन काय करणार, असा माझा हिशेब होता. सगळे विधी ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी केले.

दहाव्याच्या दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले होते, पण खाली उतरत नव्हते. दाजींनी सांगून पाहिलं, काकांनी हात जोडून पाहिलं. शेवटी गुरुजी म्हणाले की मुलाला बोलू द्या. दाजींनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पिंडासमोर धरला. मी मेसईदच्या कॅन्टीनमध्ये होतो, पुढच्या मीटिंगला दहा मिनिटं होती. घाटावर सगळ्यांना काय ऐकायचंय ते मला बरोबर कळलं. मी म्हणालो, "बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन येतो. तिला एकटी ठेवणार नाही."

वाक्य संपलं आणि कावळा उतरला. फोनमध्ये मला फक्त एक काळा पंख दिसला आणि मागे बायकांचं रडणं ऐकू आलं. मी फोन खिशात टाकला, मीटिंगला गेलो. बोलतानाच मला माहीत होतं की हे मी करणार नाही. लवकर आटपावं म्हणून बोललो होतो, बास.

आई घाटावर नव्हती, पण दाजींनी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिने त्यावर पूर्ण भरवसा ठेवला. नोव्हेंबरमध्ये मी तिला व्हिजिट व्हिसावर महिनाभरासाठी आणलं, तर तिच्या बॅगेतून आधी मेतकूट निघालं, मग बाबांचा फोटो, आणि मग पितळी डब्यात कापसात गुंडाळलेले देव. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे. देव घरातून हलवले म्हणजे बाई घर मिटवून आली, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. प्राजक्ताला कळलं. ती रात्री मला म्हणाली, "राहू देत ना त्यांना. आपण फॅमिली व्हिसाचं बघू." मी म्हटलं, जागा लहान आहे, इन्शुरन्स आहे, तिला इथे करमणार नाही. एकामागून एक कारणं दिली. खरं कारण एकच होतं, आणि ते आज लिहिताना मला माझीच शिसारी येते. ती मला नको होती. तिचं सकाळचं खोकणं, तिचं माझ्या ताटाकडे बघत बसणं, ओवीला 'बाबाला आवडतं हो असं' म्हणून सांगणं... मला नको होतं ते सगळं.

नाशिकजवळ एक वृद्धांची निवासी संस्था मी आधीच ठरवून ठेवली होती. आता आईला सांगायचं फक्त उरलं होतं. घरात सांगितलं तर ती रडेल, प्राजक्ता मध्ये पडेल. म्हणून मी जागा शोधली. शुक्रवारी प्राजक्ता ओवीला घेऊन एका वाढदिवसाला जाणार होती. आईला म्हटलं, चल, तुला आज चिनी लोकांच्या चहाघरात जेवायला नेतो.

हे चहाघर आमच्या बिल्डिंगपासून गाडीने सात-आठ मिनिटांवर, फर्निचरच्या एका शोरूमवर पहिल्या मजल्यावर होतं. एका चिनी व्हेंडरच्या इंजिनियरने मला पूर्वी एकदा तिथे नेलं होतं. शुक्रवारी ते जुम्म्याच्या नमाजानंतर उघडायचं. लाकडी जाळीचे आडोसे, गोल टेबलं, वाफाळणाऱ्या बांबूच्या टोपल्या, आणि मराठी कान एकही नाही. तिथे आई अनोळखी माणसांसमोर रडणार नाही, आणि कुठल्या मराठी मंडळाच्या काकू शेजारच्या टेबलावर निघणार नाहीत, एवढा विचार करून मी जागा निवडली होती. बेअरिंग निवडावं तशी.

दाराशी खिडकीजवळ बांबूचा पिंजरा टांगलेला होता. त्यात एक डोंगरी मैना. काळीभोर, पिवळी चोच. मालक सत्तरीचा चिनी म्हातारा होता. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्याने आईला सांगितलं आणि मी मराठी करून दिलं, की त्याच्या गावी म्हातारी माणसं सकाळी आपापले पक्षी पिंजऱ्यासकट चहाघरात घेऊन येतात, पिंजरे टांगतात आणि चहा पीत बसतात. ही मैना कुणाच्याही हातचं खाते, म्हणाला. आमच्यासमोरच एका फिलिपिनो बाईने हातावर भाताची चार शितं धरली आणि मैनेने गजांतून मान काढून ती टिपली. आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बसल्यावर मी तिला तिथली एक रीत शिकवली. आपल्या कपात कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं. म्हणजे आभार, बोलायची गरज नाही. तिला ते फार आवडलं. मी चहा ओतला की ती लगेच दोन बोटं टेबलावर आपटायची आणि माझ्याकडे बघायची, बरोबर केलं ना, म्हणून.

दुसऱ्या कपानंतर मी सांगितलं. चांगली जागा आहे, डॉक्टर दारात आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत, भजनाला हॉल आहे. तिकीट पुढच्या गुरुवारचं काढलंय.

तिने कप खाली ठेवला. मग एवढंच विचारलं, "आणि देव?"

"देव ने की बरोबर. त्यांना काय व्हिसा लागतो?" मी म्हणालो. विनोद केला मी.

मग काहीतरी करायचं म्हणून मी तिच्या कपात चहा ओतला. तिने दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात जेवण आलं. आई शाकाहारी, म्हणून मेनूतल्या फोटोवर बोट ठेवून मी भाताचा एक प्रकार मागवला होता. फोटोत तो गोंडस दिसत होता. समोर आलं ते हिरव्या पानावर ठेवलेले चिकट भाताचे तीन गोळे, वर काळे तीळ पेरलेले.

आईने हात मागे घेतला. "हे काय मागवलंस रे?"

"भात आहे, आई."

"हे माणसांनी खायचं नसतं," ती म्हणाली आणि तिने पदराखाली हात लपवले.

मला मनातून कळलं होतं की ती काय बघतेय. म्हणूनच मी चिडलो. आजूबाजूला बघत, दबक्या आवाजात मी तिला वाट्टेल ते बोललो. की जगात दुसरी माणसंही भात खातात, सगळीकडे तुमचे घाट आणि तुमचे कावळे आणू नका, याच्यामुळेच तू इथे राहू शकत नाहीस. ती ऐकत होती. मालकाने लांबून ताट तसंच पडलेलं पाहिलं, त्याला वाटलं जेवण आवडलं नाही. तो आला आणि म्हणाला, नको असेल तर मैनेला द्या, तिला हा भात फार आवडतो. म्हटलं, बरं झालं. हा भात आहे, नुसता भात, हे आईला दाखवून देतो. मी एका गोळ्यातला थोडा तोडला आणि तळहातावर घेऊन पिंजऱ्यापाशी गेलो.

मैना दांडीच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली. पाठ फिरवली नाही तिने. मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

मालकाने माझ्याच तळहातावरून चिमूटभर भात उचलून तिच्यासमोर धरला. तिने झडप घालून खाल्ला. मी धरला, पुन्हा मागे. हात बदलला. बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुऊन आलो, कारण अत्तराचा किंवा गाडीच्या स्टिअरिंगचा वास असेल. चमच्यातून दिला. दुसऱ्या गोळ्यातला दिला. हसू नका, मी रोज हेच काम करतो, एकेक कारण बाजूला काढत जायचं. फिलिपिनो बाईने माझ्या हातून चमचा घेतला, त्याच चमच्यातून मैनेने खाल्लं. तिने चमचा माझ्या हातात परत दिला आणि मैना पुन्हा त्या टोकाला. दहा-पंधरा मिनिटं हे चाललं. आसपासची बडबड थांबली होती. मालकाचं हसूही थांबलं होतं.

मग माझ्या मागून आईचा आवाज आला. ती केव्हा उठून आली होती, कळलं नाही. पिंजऱ्यासमोर हात जोडून ती अगदी हळू बोलली, स्वयंपाकघरातून बाबांशी बोलायची तशी. "अहो, शिवा आता. मी जाते तिकडे, मला काही होत नाही. लेकराला असं चारचौघांत उभं करू नका."

मैना जागची हलली नाही.

काय बोलल्यावर ती हलेल, हे त्या क्षणी मला पक्कं माहीत होतं. वाक्य पाठ होतं मला. एकदा बोललेलंच होतं. तोंडापर्यंत आलंही होतं... पण या वेळी बोललो असतो तर पाळावं लागलं असतं, कारण आई शेजारीच उभी होती. मी भात कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात पुसले आणि मालकाला म्हटलं, "खलास. बिल आणा."

जिना उतरताना आईने माझा दंड धरला होता. अर्ध्या जिन्यावर थांबून म्हणाली, "पोट भरलं असेल रे तिचं. मनाला लावून घेऊ नकोस."

त्या गुरुवारी ती गेली. देवांचा डबा तिने मांडीवर घेतला होता.

पण सुरुवात त्याआधीच, शुक्रवारच्या संध्याकाळीच झाली होती. मी ओवीला वरणभात भरवायला बसलो. एरवी शुक्रवारी ती माझ्याच हातून जेवायची, कार्टून बघत, घास कुठे जातोय याचा पत्ता नसायचा. त्या दिवशी टीव्हीवरची नजर न हलवता तिने तोंड बाजूला केलं. मला वाटलं, वाढदिवसाला केक हादडून आली असेल. प्राजक्ताने घास दिला तर खाल्ला.

मग माझं लक्ष जायला लागलं. पार्किंगमधली मांजरं माझ्या हातातल्या माशाच्या तुकड्याकडे येत, फूटभरावर थांबत आणि मागे फिरत. तुकडा खाली टाकून मी गाडीत बसलो की खात. ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या टँकमधले मासेसुद्धा मी खाद्याची चिमूट सोडली की तळाशी जाऊन बसत. एकदा सहज गंमत म्हणून मी लाडवाचा तुकडा प्राजक्ताच्या तोंडापाशी नेला. तिचे ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांत भीती दिसली. हात खाली घेतल्यावर ती रडायलाच लागली. "मी मुद्दाम नाही केलं रे," म्हणाली, "तोंड उघडत नव्हतं."

त्या दिवशी मी तिला कावळ्याचं आणि मैनेचं सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली की आईंना परत आण. मी म्हटलं, बघू. उन्हाळ्यात बघू, व्हिसाचे नियम बघू.

ऑगस्टमध्ये आई त्या संस्थेत बाथरूममध्ये पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग अन्न कमी होत गेलं. या वेळी मात्र मी रजा मागितली. मागितल्याबरोबर मिळाली.

तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी तिला मऊ भात भरवत होत्या. हळूहळू का होईना, ती खात होती. मला बघितल्यावर तिचा चेहरा उजळला. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "घ्या, आता लेकाच्या हातचं खा," आणि वाटी माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

मी चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तोंड उघडलं नाही.

माझी आई ते तोंड उघडायचा प्रयत्न करत होती, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. तिला खायचं होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, हनुवटी थरथरत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की जबड्याला, गिळण्याला काहीही अडचण नाही. मी चमचा खाली ठेवला की तोंड सैल पडायचं, ती माझं नाव घ्यायची. चमचा उचलला की पुन्हा मिटायचं. पाच दिवस मी तीन-तीनदा प्रयत्न केला. मी ते वाक्यही बोललो. 'आई, मी तुला माझ्याकडे नेतो, एकटी ठेवणार नाही,' असं रडत रडत म्हणालो. आणि या वेळी मनापासून म्हणालो. काही फरक पडला नाही.

शेवटच्या दुपारी मी वाटी घेऊन नुसता बसलो होतो. तिचा हात पलंगाच्या कडेवर होता. तिने दोन बोटं उचलली आणि लोखंडी दांडीवर हलकेच टकटक केलं. माझ्याकडे बघून. बरोबर केलं ना, म्हणून.

आईच्या दहाव्याला सगळं मी माझ्या हाताने केलं. त्याच घाटावर. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही, दिवस मावळेपर्यंत शिवणार नाही, आणि सगळ्यांसमोर मला काय काय कबूल करावं लागेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. उभं राहून सगळं सांगायचं ठरवलं होतं, रजेचंही.

पिंड ठेवून मी दोन पावलं मागे सरलो, तिसरं टाकायच्या आत कावळा आला. एकटाच. शिवला, चोचभर घेतलं आणि गेला. गुरुजी म्हणाले, इतकं लवकर क्वचितच होतं. ताई हुंदके देत माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "बघ ना, काहीच इच्छा राहिली नव्हती रे तिची." सगळ्यांचे चेहरे शांत झाले होते. मीही मान डोलावली. तिची माझ्याकडून काहीच इच्छा उरली नव्हती, हे तिथे फक्त मला एकट्याला कळत होतं.

डॉक्टरांना दाखवलं, समुपदेशकाकडेही गेलो. त्यांचं म्हणणं, माझ्या ताणामुळे माझा हात आणि चेहरा असा होतो की समोरचा बिचकतो. असेलही. टँकमधल्या माशांना चेहरा कसा कळतो, हे मी विचारलं नाही. चहाघर अजून चालू आहे. मैनाही आहे. मी दोनदा जाऊन आलो, काही बदललेलं नाही. याचं कारण मला सापडलेलं नाही, आणि हा रिपोर्ट मी सहीशिवाय इथे ठेवतोय.

ओवीने यावर आपला एक तोडगा काढलाय. मुलं कशी असतात, त्यांना कशाची भीती वाटत नाही. प्राजक्ता ऑफिसला असते तेव्हा तिला वाढायचं काम माझंच असतं. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी घास धरून बसलो होतो, तर तिने मला शांतपणे समजावून सांगितलं, "पुट इट डाउन, बाबा. देन गो बॅक अ लिटल. देन आय विल इट."

आता आमचं रोज असंच चालतं. मी भात कालवतो, ताट टेबलावर ठेवतो आणि चार पावलं मागे सरून भिंतीपाशी उभा राहतो. ती लगेच खात नाही. आधी माझ्याकडे बघते, मान वाकडी करून. माझे हात जोडलेले असतात की नाही, माझं मलाच कळत नाही. मी वाट बघतो.